पाठीवरचं पाणी

आखितीला मडक्याऐवजी पाठीवरची पाण्याची बॅग द्यायची हे साधनाकाकूंनी ठरवलं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की ओतूरच्या त्या घरात दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे. अक्षय्य तृतीयेला वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी भरून द्यायचं आणि त्याच्या वयाचा, त्याच्या जवळचा कुणीतरी पितर म्हणून पानावर बसवायचा, ही त्यांच्या घरची रीत. म्हाताऱ्या माणसाच्या नावानं मडकं ठीक आहे. पण त्यांचा मुलगा आदेश एकवीस वर्षांचा होता.

"त्यानं जल्मात कधी मडक्यातलं पानी पिलं का?" काकू फोनवर म्हणाल्या. "फ्रिजची बाटली, न्हाईतर त्या सायकलच्या बॅगंची नळी. टीव्हीम्होरं बसून पन नळीच चोखायचा. मंग तसलीच बॅग देऊ. तुझा काका मंचरला येतोय, त्याला चांगली निवडून दे. आन् पितर म्हनून तूच बस, संघर्षा. त्याच्या जवळचं दुसरं हाये कोन?"

आदेशचा दोस्त संघर्ष तेव्हा मंचरजवळच्या अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर, गॅलरीत उभा होता. हातातला चहा तसाच राहिला.

"तुमच्यात चालत न्हाई आसलं काही, म्हाईताय मला," काकू जरा थांबून म्हणाल्या. "नको वाटलं तर तसं सांग. बळजबरी न्हाई."

संघर्षचं घर बौद्धांचं. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हाच श्राद्ध आणि पितर घराबाहेर गेले ते पुन्हा आत आले नाहीत. म्हणजे नाही म्हणायला चांगलं भक्कम कारण होतं, आणि ते काकूंनी आपल्या हातानं त्याच्यापुढं ठेवलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण आजोबांनी छातीठोकपणे केलेली गोष्ट आपल्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून घालायची, ही हलकटपणाची हद्द झाली, एवढं त्याला कळत होतं. आणि खरं कारण सांगायची छाती त्याच्यात नव्हती.

"बसतो, काकू," तो म्हणाला.

खरं कारण अर्ध्या लीटर पाण्याचं होतं.

मागच्या मे महिन्यातला एक रविवार. संघर्ष आणि आदेश, दोघांनी उजाडायच्या आत ओतूर सोडलं. जुन्नर, मग आपटाळे, आणि नवाच्या सुमाराला घाटघर. तिथं गावात पाणी भरून घ्यायचं, ते 'येताना भरू' म्हणून राहिलं. त्या वयात सगळंच येताना करायचं असतं. जीवधनच्या पायथ्याला कच्च्या वाटेवर सायकली घातल्या, आणि एका उतारावर संघर्षची बाटली स्टँडमधून उडून खाली झाडीत गेली ती गेलीच. मग दोघंही आदेशच्या पाठीवरच्या बॅगेतलं प्यायला लागले. एकच नळी, आळीपाळीनं, तोंडसुद्धा न पुसता.

अकराच्या सुमाराला आदेशला दोन उलट्या झाल्या. त्याचे पाय लटपटायला लागले. घाम यायचा बंद झाला होता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो एका हिरड्याखाली बसला. संघर्ष म्हणाला, मी गावातून पाणी आणतो. त्यानं आदेशच्या पाठीवरची बॅग उतरवून स्वतःच्या पाठीवर चढवली. चढवायच्या आधी बाहेरून दाबून बघितली. अर्धा लीटर तरी होतं.

"तेवढं ठेवून जा," आदेश म्हणाला.

"कशात ठेवू? भरायला बॅगच न्यायला पाहिजे ना. आलोच दहा मिनिटांत."

बॅग तिथंच ठेवून तो मोकळ्या हातानं गेला असता, तर घाटघरमध्ये कुणीही कळशी दिली असती. हे त्याला नंतर सुचलं असं नाही. त्या झाडाखाली उभा असतानाच त्याला ते कळत होतं. पण त्याच्याही घशाला कोरड पडली होती. पहिल्याच चढावर त्यानं नळी तोंडात धरली, ती आतून हवा यायला लागेपर्यंत सोडली नाही.

गावात नळ कोरडे होते. टँकरच्या वाटेकडं डोळे लावून हंडे रांगेत बसले होते. सरूबाई नावाच्या म्हातारीनं घरातलं स्वयंपाकाचं पाणी ओतून बॅग भरून दिली. तो परत पोचला तोवर सव्वा तास उलटला होता. आदेशचे डोळे उघडे होते, पण तो बघत नव्हता. दवाखान्यात नेताना जुन्नर यायच्या आत सगळं आटोपलं.

"बॅग रिकामीच होती, म्हणून भरायला नेली," असं संघर्षनं सांगितलं. आधी पोलिसांना, मग सगळ्यांना. कुणी उलटून विचारलं नाही. दोस्तासाठी उन्हातान्हात धावलेला पोरगा म्हणून गावानं त्याला डोक्यावर घेतलं. मयताच्या घरी लोकांना कुणीतरी चांगलं लागतंच, तो त्यांच्या हाताशी होता. अर्ध्या लीटरनं आदेश वाचला असता का, हे एखाद्या डॉक्टरला विचारायचं धाडस त्याला वर्षभरात झालं नाही.

आणि काकू त्याला दर रविवारी जेवायला बोलवायच्या. "तू आलास की घर भरल्यावानी वाटतं," म्हणायच्या. तो आज सांगायचंच असं ठरवून जायचा आणि जेवून परत यायचा. सांगितलं की हे घर तुटणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि दैवाची चेष्टा अशी, की वर्षभरात त्याला बरं वाटलं असेल तर ते त्याच घरात, आदेशच्या आईच्या हातचं खाताना.

शनिवारी तो ओतूरला घरी गेला, तेव्हा आखितीची गोष्ट त्यानं वडिलांच्या कानावर घातली. बाजीराव एसटीत कंडक्टर. माणूस सरळ, तिकिटासारखा मोजून-मापून बोलणारा.

"जेवायला जा, दहादा जा," ते म्हणाले. "पन पितर म्हनून बसायचं न्हाई. आपन ते सोडलं, त्याला कारन व्हतं."

"त्या माउलीला न्हाई म्हनायचं तरी कसं?" आई, जानकाबाई, आतून म्हणाली.

"खरं बोलून. मानूस म्हनून जेवतो, पितर म्हनून न्हाई, येवढं खरं बोलायला काय लागतं?"

काय लागतं ते संघर्षला विचारा. पण रात्रभरात त्यानं मनाशी ठरवलं, की मंचरला गोरखकाकांना स्पष्ट सांगायचं, बाबा नको म्हणतात. बापाच्या नावावर का होईना, पण सुटका करून घ्यायची. आधी नको म्हणवलं नाही, आता म्हणू.

आदेशचे वडील गोरखकाका मंगळवारी मंचरला मोटरसायकलवर आले. डोक्याला रुमाल, शर्टाच्या बाह्यांवर टोमॅटोच्या पानांचे हिरवे-काळे डाग. वर्षभरात हा माणूस असा वाळला होता, की मागून बघणाऱ्यानं म्हातारा म्हणून वाट दिली असती. सायकलच्या दुकानाचा मालक संपत तोंडाचा गोड. त्यानं तीन बॅगा खाली काढून टेबलावर मांडल्या.

"कुनासाठी, भाऊ? पोरासाठी?"

"हां," गोरखकाका म्हणाले. "पोरासाठी."

संघर्ष खाली बघत राहिला. 'बाबा नको म्हणतात' हे वाक्य ओठांवर तयार होतं. जरा बरी वेळ येऊ दे, असं तो स्वतःला सांगत होता.

बॅग निवडायची म्हणजे संघर्षनं निवडायची असं ठरलं होतं, पण गोरखकाकांनी पहिली बॅग हातात घेतली आणि त्याचं काम उरलंच नाही. ज्यानं वीस वर्षं औषध फवारायचा सोळा लीटरचा पंप पाठीवर वागवलाय, त्याला पाठीवरचं पाणी कुणी शिकवावं? त्यांनी पट्टा चिमटीत धरून ओढला.

"ह्यो हितं काचनार. बारीक हाय. वझं खांद्यावर बसत न्हाई, मानंला ओढ घेतं." मग दुसरी उलटी करून पाठीची बाजू बघितली. "हिला जाळी हाय, ही बरी. पाठीला वारं लागलं पायजे. आन् ह्यो छातीवरचा पट्टा कशाला?"

"खडकाळ वाटेला बॅग हलू नये म्हणून, काका," संघर्ष म्हणाला.

"बराबर. पंपाला ह्यो पट्टा आसता तर आमची कंबर राह्यली आसती."

संपत हसला. "पावनं, तुमी तर माझ्याहून भारी निघाले, राव!"

मग संपतनं आतल्या पाण्याच्या पिशव्या काढून दाखवल्या. एकीला वरचं तोंड घडी घालून कडीनं बंद करायचं. दुसरीला फिरकीचं झाकण. गोरखकाकांचा हात त्या फिरकीवर थांबला.

"आदेशची आशीच व्हती," ते म्हणाले. "मीच आनली व्हती, बाजारातनं. सस्तात मिळाली म्हनून." त्यांनी झाकण काढलं, आतल्या रबरी वायसरवरून बोट फिरवलं. "तीन लीटर किती येळ पुरतं ओ?"

"उन्हात, चढाला, तासाला अर्धा लीटर धरा एका मानसाला," संपत म्हणाला. "पन हिच्यात एक खोट हाय बघा, भाऊ. बाटलीत किती उरलंय ते दिसतं. ह्या बॅगंत आतलं पानी दिसत न्हाई. दाबूनच अंदाज घ्यायचा."

गोरखकाका बोटं मोडत हिशेब करायला लागले. "घाटघरापातुर सकाळचं गार व्हतं. तवर ह्याची बाटली व्हती. तिथनं म्होरं दोन तास. दोघात धरलं तरी संपाया नगं." त्यांनी मान वर केली. "मंग पानी गेलं कुठं?"

दुकानात पंखा फिरत होता. आता सांगायची वेळ आली होती. याहून सरळ कुणी कधी विचारणार नव्हतं.

"वायसर," गोरखकाका एकदम म्हणाले. "पंपाचं वायसर गेलं की आसंच हुतं. थेंब थेंब पाठीवरनं खाली जातं. मानसाला वाटतं घाम हाय. संघर्षा, त्याची पाठ वली व्हती का रं?"

"घामानं ओलीच होती, काका," तो म्हणाला.

"घाम न्हवं त्यो. पानी व्हतं." गोरखकाका स्टुलावर बसले. "मी गळकी पिशवी दिली पोराला."

संपतच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. तो आतल्या खोलीत गेला. संघर्ष उभा होता तिथंच उभा राहिला. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. नुसतं गप्प बसणं वेगळं, आणि ओझं उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणं वेगळं. तेही कुणाच्या, तर मेलेल्या पोराच्या बापाच्या. आणि ती जुनी बॅग दहाव्याच्या दिवशी कपड्यांबरोबर पाण्यात सोडली होती, त्यामुळं ती गळत होती की नव्हती हे आता कुणालाही तपासता येणार नव्हतं. हा विचार आला आणि त्याबरोबर हायसं वाटलं, तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

मग गोरखकाकांनी तीन लीटरची, घडीच्या तोंडाची बॅग पक्की केली. दुकानाच्या नळावर पिशवी काठोकाठ भरली, कडी लावली, उलटी केली, वर गुडघा दाबून धरला. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून पाव तास तशीच ठेवली. कागदावर एक थेंब पडला नाही.

"घाल," ते म्हणाले. "तू आन् तो एकाच मापाचं."

त्यांनी स्वतः संघर्षच्या खांद्यावर पट्टे चढवले, छातीवरची कडी लावली, आणि बोट आत घालून पट्टा किती ताणलाय ते बघितलं. आदेशला लहानपणी शाळेचं दप्तर घालून देताना बघितलं असावं तसं ते बघत होते.

"काचतं का कुठं?"

"काका…"

"काय रं?"

"काही नाही. बसतंय बरोबर."

बाबा नको म्हणतात, हे त्याला तिथं बोलताच आलं नाही.

आखितीच्या दिवशी ओतूरच्या घरात दहा-बारा माणसं होती, सगळी भावकीतली. मधल्या खोलीत पाट मांडला होता. संघर्षला पाटावर बसवला, आणि त्याच्या पाठीवर भरलेली बॅग. काकूंनी त्याला गंध लावलं नाही. "तुमच्यात नसतं ना," म्हणाल्या, आणि हातात नुसतं एक मोगऱ्याचं फूल दिलं. एवढ्या दुःखात त्या बाईनं त्याच्या घरच्या रीतीची आठवण ठेवली होती. त्यापेक्षा तिनं त्याच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

आदेशची धाकटी बहीण अक्षदा वाढत होती. आमरस, पोळी, कुरडई, भजी, कढी. पानावर तूप पडलं. पितरानं आधी पाणी प्यायचं, मग घास घ्यायचा. सगळे बघत होते. संघर्षनं नळी तोंडात धरली आणि एक घोट ओढला. काकूंनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही निवल्यासारखं आलं, की त्याला ते बघवेना.

आता घरच्यांनी एकेकानं पितराच्या पाया पडायचं होतं. पहिला मान बापाचा. गोरखकाका पानासमोर गुडघ्यावर बसले, हात जोडले.

"लेकरा," ते म्हणाले. ते संघर्षशी बोलत नव्हते. "काय चुकलं-माकलं आसंल तर पदरात घे. मी सस्तात बघितलं. तुला गळकी पिशवी दिली. तहानंला पानी मिळू दिलं न्हाई मी तुला. तुझ्या बापाला माफ कर."

आणि त्यांनी संघर्षच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्या डोक्याचा भार संघर्षला सोसला नाही. त्यानं पाय मागं ओढले.

"गळत नव्हती, काका," तो म्हणाला. "बॅग गळत नव्हती. पाणी होतं तिच्यात. मी प्यालो."

गोरखकाकांनी मान वर केली. त्यांना अजून कळलं नव्हतं. कळलं ते काकूंना.

"किती व्हतं?" त्यांनी विचारलं.

"अर्धा लीटर."

"त्यानं मागितलं व्हतं?"

"ठेवून जा म्हणाला."

"आन् तू?"

"घेऊन गेलो. पहिल्याच चढाला सगळं प्यालो. तुम्हाला खोटं सांगितलं. पोलिसांना पण खोटं सांगितलं. काकांना परवा दुकानात खोटं बोललो. पाठ ओली नव्हती त्याची. कोरडी ठणठणीत होती."

मग गोरखकाकांचा चुलतभाऊ जानकू ताडकन उभा राहिला. "उठवा त्याला! पानावरनं उठवा आदी! भायेर काढा ह्याला!"

संघर्ष उठायलाच लागला होता. त्याची बोटं छातीवरची कडी शोधत होती, ती सुटत नव्हती.

"बस," साधनाकाकू म्हणाल्या.

"वयनी, आवं ह्यानं…"

"मला ऐकू आलं. बस, संघर्षा. पितराला पानावरनं उठवत न्हाईत. तू उठलास तर माझं लेकरू उपाशी जाईल. जेव."

तो बसला. जेवायला लागला. भावकीतले काहीजण उठून अंगणात गेले, बाकीचे भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत राहिले. पहिला घास घशाखाली उतरेना, तेव्हा काकूंनी नळीकडं बोट केलं. तो पाणी प्याला. काकू स्वतः वाढायला बसल्या. एक पोळी संपली की दुसरी, आमरसाची वाटी रिकामी झाली की पुन्हा. "आनखी घे," म्हणायच्या, आणि आवाजात माया होती, फक्त ती त्याच्यासाठी नव्हती. त्यांनी एकदाही त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्यांची नजर पानावर होती. आदेशला चार पोळ्या लागायच्या. त्यांनी चार वाढल्या, आणि त्यानं चारही खाल्ल्या.

मागच्या दारी त्यांनी त्याच्या हातावर पाणी घातलं. त्यानं बॅग उतरवायला घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "न्यावी लागंल. नावानं दिल्याली चीज घरात ठेवत न्हाईत."

"काकू, मी…"

"काई बोलू नगं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "वरीसभर तू दारात आलास की माझा आदेश आल्यावानी वाटायचं. आता तू आलास की त्यो झाडाखाली बसून पानी मागतोय, त्येच दिसंल. परत येऊ नगं. म्होरल्या आखितीला आमी दुसरा बसवू."

तो घराला वळसा घालून पुढं आला. सायकल ओट्याला लावलेली होती. अंगणातल्या माणसांनी त्याला वाट दिली, कुणी अंगावर धावून आलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. पाठीवर उरलेलं पाणी डुचमळत होतं.

आत मधल्या खोलीत गोरखकाका त्या रिकाम्या पाटासमोर अजून तसेच गुडघ्यावर होते. त्यांना आता कुठं कळलं होतं. अक्षदा त्यांना दंडाला धरून उठवत होती आणि ते उठत नव्हते. तिचा हात घट्ट धरून ते लहान पोरासारखे हुंदके देत होते, आणि पुन्हा पुन्हा तिला एकच सांगत होते, "अक्षदे, ऐकलंस का गं? गळत न्हवती. पिशवी गळत न्हवती."